माळ्यावरची खतावणी

व्यापारी घराण्यात वहीचे पान फाडत नाहीत. नोंद चुकली तरी ती खरवडून काढीत नाहीत. तिच्याखाली दुरुस्तीची दुसरी नोंद करतात आणि चूक व दुरुस्ती दोन्ही पुढच्या पिढीसाठी तशाच ठेवतात. लाल कापडी बांधणीच्या वह्यांचे गठ्ठे पेढीच्या मागच्या खोलीत पन्नास-पन्नास वर्षे जपलेले असतात. त्या कोणी उघडीत नाही, पण टाकूनही देत नाही. कोणाचे किती येणे, कोणाचे किती देणे, कोणत्या साली कोणी शब्द पाळला आणि कोणी मोडला, याची ती साक्ष असते.

लाल वही आणि आजचा मोबाइल यांच्यामध्ये एक पिढी होऊन गेली. ती ना वहीसारखी जपली गेली, ना मोबाइलसारखी हाताशी राहिली. १९८५ ते २००० या सुमारास पेढीवर आलेल्या संगणकांची ती पिढी. पिवळट पडलेली पेटी, जाड काचेचा पडदा, खटखट वाजणारा कळफलक आणि कागदाची अखंड पट्टी कुरकुरत बाहेर टाकणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. अशा यंत्रांत कित्येक घराण्यांचे दहा-पंधरा वर्षांचे हिशेब साठले. पुढे नवे यंत्र आले, जुने माळ्यावर गेले आणि माळ्यावरून एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हातगाडीवर. वही कोणी भंगारात दिली नसती. यंत्र दिले गेले, कारण यंत्राच्या पोटात वही आहे ही गोष्ट लक्षात ठेवणारे माणूस घरात उरले नव्हते.

नाशिकमधील एक व्यापारी गेली बारा-तेरा वर्षे ही जुनी यंत्रे दुरुस्त करण्याचा छंद जोपासून आहेत. त्यांचा व्यवसाय विजेच्या सामानाचा. वय पंचावन्नच्या पुढे. सोमवार ते शनिवार दुकान आणि रविवारी दुपारी गच्चीलगतची छोटी खोली. तिथे एक लाकडी मेज, मल्टिमीटर, बारीक टोकाची सोल्डरिंगची कांडी, रंगाचे जुने ब्रश, निरनिराळ्या आकारांचे स्क्रू ठेवण्यासाठी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि भिंतीशी ओळीने मांडलेली नऊ यंत्रे असतात. त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ते वडिलांच्या गादीवर बसले. त्यांच्या पेढीवर पहिला संगणक आला तेव्हा तो हाताळण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्याकडे, म्हणजे त्यांच्याकडे आले. कारण मुनीमजींनी त्याला हात लावण्यास नकार दिला होता.

त्या काळाची थोडी उजळणी येथे करावी लागेल. भारतातील संगणकाची कथा मुंबईत बरीच आधी सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभारलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पण तो शास्त्रज्ञांचा संगणक होता. दुकानाच्या टेबलावर मावेल असे यंत्र येण्यास आणखी दोन दशके लागली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला ‘पीसी’ अमेरिकेत बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता आणि त्याचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. १९८३ च्या ‘एक्सटी’मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तर १९८४ च्या ‘एटी’मध्ये ८०२८६ हा अधिक वेगवान प्रोसेसर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारत सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयातीचे निर्बंध आणि शुल्क सैल केले. त्यानंतर एचसीएल, विप्रो, झेनिथ अशा भारतीय कंपन्यांचे पीसी मोठ्या शहरांतून जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचू लागले. शाळांपुरते पाहिले तर ‘क्लास’ नावाच्या सरकारी प्रकल्पातून निवडक विद्यालयांत ‘बीबीसी मायक्रो’ हे इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे यंत्र आले होते.

पण व्यापाऱ्याला यंत्रापेक्षा हिशेबाशी कर्तव्य. हिशेबाच्या आज्ञावलीची सर्वांना माहीत असलेली कथाही एका व्यापारी घरातच घडली. श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवीत. आपल्या धंद्याचे हिशेब नीट ठेवील अशी आज्ञावली त्यांना मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचे पदवीधर असलेल्या आपल्या मुलाला, भरत गोएंका यांना, ती लिहिण्यास सांगितले. १९८६ मध्ये बंगळूरमध्ये सुरू झालेला हा उद्योग पुढे ‘टॅली’ या नावाने घरोघर पोहोचला. मात्र टॅली सर्वत्र रुळण्यापूर्वी अनेक पेढ्यांनी गावातीलच एखाद्या होतकरू तरुणाकडून डीबेस, फॉक्सबेस किंवा क्लिपर यांत स्वतःपुरती आज्ञावली लिहून घेतली होती. रोजमेळ, खतावणी, येणी-देणी, तेरीज, असे चार-पाच पर्याय काळ्या पडद्यावर हिरव्या किंवा पिवळ्या अक्षरांत उमटत. तो तरुण पुढे नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेला आणि त्याची आज्ञावली समजणारे कोणी मागे उरले नाही.

नाशिकच्या या गृहस्थांच्या छंदाचे मूळ या पोकळीत आहे. वडील गेल्यानंतर काही वर्षांनी त्यांनी पेढीचे पहिले यंत्र माळ्यावरून खाली उतरवले. यंत्रात वडिलांच्या हाताखाली त्यांनीच भरलेले हिशेब होते. ते वाचता यावेत एवढाच त्यांचा उद्देश होता. एक यंत्र समजून घेण्यास सहा महिने लागले आणि तेवढ्या काळात त्या कामाची गोडी लागली.

ही गोडी कशाची, हे काम जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. जुने यंत्र हाती आल्यावर पहिला नियम असा की ते सुरू करून पाहायचे नाही. पंचवीस वर्षे बंद असलेल्या यंत्रात एकदम वीज सोडली तर वीजपुरवठ्याच्या भागातील वाळलेले कपॅसिटर फुटू शकतात, धूर निघतो आणि जे वाचले असते तेही जाते. म्हणून आधी पेटी उघडायची, धूळ ब्रशने काढायची आणि चांगल्या उजेडात नुसते पाहत बसायचे. २८६, ३८६ आणि ४८६ या पिढ्यांच्या बहुतेक मदरबोर्डवर निकेल-कॅडमियमची नळीच्या आकाराची लहान बॅटरी असते. यंत्र बंद असतानाही तारीख, वेळ आणि डिस्कची मोजमापे लक्षात ठेवणे हे तिचे काम. कालांतराने ती पाझरते आणि तिच्यातील क्षारयुक्त द्रव भोवतीच्या तांब्याच्या बारीक रेषा खात जातो. हिरवट-निळसर डाग दिसला की समजावे, येथे झीज झाली आहे. अशी बॅटरी प्रथम कापून काढायची, डागांवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून क्षाराचा प्रभाव घालवायचा, मग शुद्ध पाण्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळू द्यायचे. तुटलेल्या रेषा एकेक करून मल्टिमीटरने शोधायच्या आणि केसासारख्या बारीक तारेने जोडायच्या.

त्यानंतर वीजपुरवठ्याची पाळी. तो मुख्य बोर्डापासून वेगळा काढून आधी एकटाच तपासला जातो. हे गृहस्थ विजेच्या सामानाचे व्यापारी असल्यामुळे जुन्या कारागिरांची सिरीज बल्बची रीत त्यांना ठाऊक आहे: यंत्र आणि मुख्य वीज यांच्यामध्ये एक साधा तारेचा दिवा जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा प्रखर पेटतो आणि यंत्र वाचते. जाड काचेच्या पडद्याला मात्र ते स्वतः हात लावीत नाहीत. त्या नळीत हजारो व्होल्टचा विद्युतभार असतो आणि यंत्र बंद केल्यावरही काही काळ तो टिकून राहतो. दूरचित्रवाणी संच दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले एक वयोवृद्ध कारागीर महिन्यातून एकदा येतात आणि ते काम करून जातात. छंदाला आपली मर्यादा ठाऊक असली पाहिजे, हे या गृहस्थांचे नेहमीचे म्हणणे.

पिवळ्या पडलेल्या पेटीचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत आनंदाचे. प्लास्टिक लवकर पेट घेऊ नये म्हणून त्यात मिसळलेली ब्रोमीनयुक्त रसायने, उष्णता आणि ऊन यांमुळे ते पिवळे पडते. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप देऊन ते पुन्हा उन्हातच ठेवले की बराचसा मूळ रंग परत येतो. नाशिकच्या चैत्र-वैशाखातील गच्चीवरचे ऊन या कामी येते. शेजारी कुरडया आणि पापड वाळत असतात, एका बाजूस संगणकाच्या पेट्या. काही वर्षांनी पिवळेपणा पुन्हा डोकावतो. ते त्याचीही तक्रार करीत नाहीत. घराला रंगही एकदाच देऊन भागत नाही.

घरात या छंदाविषयी मतभेद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. पुण्यात संगणक क्षेत्रात काम करणारा मुलगा म्हणतो, “पप्पा, जुन्या आज्ञावल्या आजच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये चालतात. मग हे लोखंड कशाला सांभाळायचे?” त्याचे म्हणणे तर्काला धरून आहे. जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या अशा आज्ञावल्या उपलब्ध आहेत आणि चांगल्या आहेत. परंतु त्यांना खाद्य लागते ते जुन्या डिस्कवरील माहितीचे, आणि ती माहिती बाहेर काढण्यासाठी कधीतरी एकदा ते जुने यंत्र चालावेच लागते. सोनी कंपनीने २०११ मध्ये फ्लॉपीची विक्री बंद केली. फ्लॉपी वाचणारी यंत्रणा दरवर्षी कमी होत चालली आहे. नक्कल कायम राहील, पण तिच्यात भरायचे काय हे ठरवणारा काळ आता थोडाच उरला आहे.

पत्नीचा आक्षेप वेगळा आणि अधिक मूलभूत आहे. “वस्तू जमवणे आणि वस्तू वाचवणे यांत फरक काय?” असे त्यांनी एकदा विचारले. संग्रहाची मर्यादा ज्या घरात लहानपणापासून शिकवली जाते, तेथे हा प्रश्न चेष्टेवारी नेता येत नाही. त्यावर विचार करून या गृहस्थांनी दोन नियम स्वतःला घालून घेतले. खोलीत नऊपेक्षा अधिक यंत्रे असणार नाहीत. दहावे आले तर एक बाहेर जाईल. आणि जे यंत्र दुरुस्त होणार नाही त्याचे उपयोगी भाग काढून उरलेले अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच जाईल. जुन्या पडद्याच्या काचेत शिसे असते, बॅटरीत कॅडमियम असते. हातगाडीवरून कोठल्या तरी गल्लीत जाऊन ते जाळले-फोडले गेले तर त्याचे पाप देणाऱ्यालाही लागते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनीही हीच दिशा दिली आहे. दोन नियम पाळले जाऊ लागल्यापासून घरातील वाद मिटला नाही, पण त्याचा आवाज खाली आला.

छंद जोवर स्वतःपुरता असतो तोवर त्याची किंमत वेळेत आणि थोड्याशा पैशांत मोजता येते. २०२४ च्या पावसाळ्यात आलेल्या एका यंत्राने मात्र ही मोजणी बदलली.

ते यंत्र कापड पेठेतील एका नात्यातल्या कुटुंबाचे होते. वडिलोपार्जित साड्यांची पेढी. आता कारभार पुतण्यांकडे, पण शेवटचा शब्द ऐंशी ओलांडलेल्या काकासांचा. इमारतीची डागडुजी निघाली आणि वरच्या माळ्यावरून एक ३८६ यंत्र खाली आले. पुतण्यांना ते टाकून द्यायचे होते. काकासा म्हणाले, “त्यात पेढीची खतावणी आहे. आधी ती काढून घ्या.” या हट्टाला कारण होते. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, दुतोंड्या मारुतीभोवतीचे पाणी चढत चढत नदीकाठच्या बाजारपेठांत शिरले. त्यात पेढीच्या तळघरातील जुन्या वह्यांचे गठ्ठे भिजून त्यांचा लगदा झाला. जपून ठेवलेली वही गेली आणि टाकाऊ समजून वर फेकलेले यंत्र मात्र कोरडे राहिले. त्या काही वर्षांचा तेवढाच पुरावा शिल्लक होता.

यंत्राची अवस्था वाईट होती. बॅटरी पाझरून कळफलकाची जोडणी होते तेथपर्यंतच्या रेषा गेल्या होत्या. त्या जोडण्यात तीन रविवार गेले. यंत्र सुरू झाले तेव्हा पडद्यावर तारीख उमटली ती १ जानेवारी १९८०. स्मरण गमावलेले त्या पिढीचे यंत्र पुष्कळदा याच दिवसापासून नव्याने मोजू लागते. त्याला आपल्या पोटातील डिस्कही ओळखू येईना. तिला किती सिलिंडर, किती हेड आणि किती सेक्टर आहेत हे बॅटरीबरोबर विस्मृतीत गेले होते. ते आकडे डिस्कवर चिकटवलेल्या फिकट चिठ्ठीवर सापडले आणि हाताने भरावे लागले. तरीही डिस्क फिरेना. आतील हेड तबकडीला चिकटून बसले होते. डिस्क हातात धरून मनगटाच्या हलक्या हिसक्याने गोल फिरवणे हा त्यावरचा जुना उपाय. तो जपून तिसऱ्यांदा केल्यावर बारीक शीळ घालीत डिस्क फिरू लागली. अशा वेळी माणसाला फाइली उघडून पाहण्याचा मोह होतो. पण नियम असा की आधी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत घ्यायची आणि पुढचे सारे काम त्या प्रतीवर करायचे. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही. चाळीस मेगाबाइटची ती डिस्क. आजच्या मोबाइलमधील दहा-बारा छायाचित्रांना लागते तेवढी जागा, आणि तीत एका पेढीची सात वर्षे. प्रत पूर्ण झाली. दोन दिवसांनी डिस्क पुन्हा फिरवून पाहिली तेव्हा ती कायमची थांबली होती.

हिशेब डीबेसच्या पद्धतीच्या फाइलींत होते आणि या पद्धतीचे एक वैशिष्ट्य व्यापाऱ्याला आपलेसे वाटावे असे आहे. तीत एखादी नोंद रद्द केली तरी ती लगेच पुसली जात नाही. नोंदीच्या सुरुवातीला एक तारांकित खूण होते आणि ती पडद्यावर दिसेनाशी केली जाते. फाइल मुद्दाम आवळून घेईपर्यंत नोंद आत जशीच्या तशी राहते. रद्द केलेली नोंदही जपायची ही वहीची जुनी रीत त्या यंत्रानेही पाळली होती.

फाइली आजच्या तक्त्यात उघडल्यावर येणी-देणी पाहता आली. येणी जुनी होती, त्यांत कोणाला रस नव्हता. देण्यांच्या यादीत मात्र एक खाते असे होते की जे मिटलेले नव्हते. येवल्याच्या एका पैठणी विणकराचे खाते. शेवटची नोंद १४ फेब्रुवारी १९९८ ची. त्याची जमा बाकी १८,४०० रुपये. साड्या आल्या होत्या, विकल्याही गेल्या असणार. पैसे देणे राहिले होते. त्याच खात्यात तारांकित खूण असलेली एक नोंद मिळाली: ५,००० रुपये रोख दिले. कोणी तरी ती भरली आणि नंतर रद्द केली. का, ते सांगणारे मुनीमजी हयात नव्हते. फेब्रुवारीनंतर यंत्र बंद पडले आणि हिशेब पुन्हा कागदी वहीत गेले. ती वही पुराने नेली. म्हणजे देणे १८,४०० असेल, १३,४०० असेल किंवा मागाहून सारे फिटलेही असेल.

पुतण्यांनी कायद्याचा मुद्दा मांडला आणि तो बरोबर होता. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. सव्वीस वर्षांनंतर हे पैसे कोणीही न्यायालयात मागू शकत नव्हते. शिवाय पैसे पुढे दिले गेले असण्याची शक्यता होतीच. धाकट्या पुतण्याने विचारले, “काकासा, ज्याने कधी मागितले नाही त्याला आपण शोधत का जायचे?”

काकासा म्हणाले, “मुदत दावा करण्याची संपते. देणे संपल्याचे कुठे लिहिले आहे, ते मला दाखव.” आणि मग शंकेविषयी ते जे बोलले ते पेढीवरच्या कोणाला विसरता येणार नाही: “वही आपली, तिच्यातला घोटाळा आपला. आपल्या वहीतल्या शंकेचा फायदा आपण घ्यायचा नसतो.” कायद्याचा अभ्यास त्यांना नव्हता, पण त्यांचे म्हणणे कायद्यालाही परके नाही. मुदत संपलेले देणे देण्याचे वचन लेखी आणि सहीनिशी दिले तर १८७२ च्या करार कायद्याने ते बंधनकारक मानले आहे.

विणकराचा शोध सोपा नव्हता. आज्ञावलीत नावासाठी पंधराच अक्षरांची जागा होती, त्यामुळे आडनाव अर्धे तुटलेले आणि तेही रोमन लिपीत. येवला नाशिकपासून सुमारे ८० किलोमीटर. थोरला पुतण्या आणि यंत्र दुरुस्त करणारे गृहस्थ दोघे गेले, मागाच्या घरांतून विचारीत फिरले. तिसऱ्या फेरीत घर सापडले. विणकर १९९८ च्याच पावसाळ्यात वारले होते. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. आता तोच मागावर बसतो. त्याला काही ठाऊक नव्हते. त्याची आई माजघराच्या उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, “नाशिकच्या पेठेत यांचे पैसे अडकलेत एवढे मला माहीत होते. किती ते यांनी सांगितले नव्हते. कागद नव्हता, म्हणून मागायला आले नाही.”

म्हणजे देणे फिटले नव्हते. तारांकित खुणेचा अर्थही मग काकासांनी लावून टाकला: रद्द केलेले पैसे दिले नाहीत असेच धरायचे. उरला प्रश्न व्याजाचा. त्याचे उत्तर त्याच यंत्रात होते. उधारी थकवणाऱ्या गिऱ्हाइकांना पेढी त्या काळी दरमहा शेकडा एक रुपया व्याज लावीत असे. खतावणीत तशा नोंदी पानोपानी होत्या. आपण घेताना जो दर, देताना तोच. १८,४०० रुपयांवर वर्षाला २,२०८ याप्रमाणे सव्वीस वर्षांचे सरळ व्याज ५७,४०८ झाले. मुद्दल धरून एकूण ७५,८०८ रुपये. पुतण्यांना ही रक्कम लागली, हे नाकारण्यात अर्थ नाही. कापडाच्या धंद्यात त्या वर्षी मंदी होती. थोरल्याने दोन दिवस घेतले आणि मग धनादेशावर सही केली.

पैसे द्यायला काकासा स्वतः गेले. विणकराच्या पत्नीने मुद्दल घेतले, व्याजाला हात लावायला ती तयार नव्हती. “सासऱ्यांच्या वयाचे तुम्ही. व्याज कशाला?” काकासा म्हणाले, “बाई, आम्ही घेतो तेव्हा असे विचारीत नाही.” मुलाने पैसे घेतले आणि एकच गोष्ट मागितली: वडिलांच्या खात्याचे पान. त्याच्याकडे वडिलांच्या हातच्या दोन साड्यांचे तुकडे होते, पण त्यांच्या कामाचा लेखी पुरावा कसलाच नव्हता. त्या पानावर बारा पैठण्यांच्या नोंदी होत्या, तारीखवार, किमतीसह. नाशिकच्या गच्चीलगतच्या खोलीतील जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर चालू करून ते पान छापले गेले, त्याच पिढीच्या अक्षरांत. खाली काकासांनी ‘चुकते’ असे लिहून सही केली.

ही हकीकत नात्यागोत्यात पसरली आणि त्या खोलीकडे आणखी यंत्रे येऊ लागली. सर्वांत देणी निघत नाहीत. कोठे लग्नातील आहेराची यादी निघते, कोठे आजोबांनी मुलाला लिहिलेली व्यापारविषयक पत्रे. काही ठिकाणी मराठी मजकूर असतो आणि तो उघडल्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. युनिकोड रुळण्यापूर्वी सी-डॅकचे जिस्ट कार्ड, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी अशा निरनिराळ्या व्यवस्था मराठीसाठी वापरल्या जात, आणि प्रत्येकीचा अक्षरांचा सांकेतिक क्रम वेगळा होता. मूळ व्यवस्था कोणती हे ओळखता आले तर मजकूर परत मिळतो. नाहीतर शब्द असूनही नसल्यासारखे. आणि दर चार-पाच यंत्रांमागे एक असे येते की ज्याच्या डिस्कमधून काहीच निघत नाही. तेव्हा ते गृहस्थ यंत्र आणणाऱ्याला चहा देतात आणि स्पष्ट सांगतात की येथे उशीर झाला आहे. खोटी आशा दाखवणे त्यांना जमत नाही.

त्यांनी या कामाचे पैसे आजवर घेतलेले नाहीत; सुट्या भागांची किंमत तेवढी घेतात. पण येणाऱ्या प्रत्येकाला ते काही गोष्टी बजावून सांगतात आणि त्या घरोघर उपयोगी पडाव्यात अशा आहेत. जुने यंत्र माळ्यावर सापडले तर कुतूहलापोटी त्यात वीज सोडू नये. ते कोणत्या साली घेतले, कोण वापरीत असे, हिशेबाची आज्ञावली कोणाकडून लिहून घेतली होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवावे. यंत्र उघडण्यापेक्षा ही माहिती कधी कधी अधिक मोलाची ठरते. फ्लॉप्या उन्हात, दमट जागी किंवा लोहचुंबकाजवळ ठेवू नयेत. माहिती हाती आली की तिच्या तीन प्रती कराव्यात, त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावी आणि महत्त्वाची पाने कागदावर छापून घ्यावीत. यंत्र टाकायचेच असेल तर त्यातील डिस्क आधी काढून घ्यावी. तीत आपलेच नव्हे, तर आपल्याशी व्यवहार केलेल्या इतरांचेही हिशेब असतात.

दिवाळीला चोपडापूजन होते तेव्हा आज अनेक पेढ्यांत वहीशेजारी लॅपटॉपलाही कुंकू लावतात. त्यात हसण्यासारखे काही नाही. पूजा लेखणीची, कागदाची किंवा यंत्राची नसतेच; लिहिलेल्या शब्दाला बांधील राहण्याची ती कबुली असते. कापड पेठेतील त्या पेढीवर यंदा लॅपटॉपसोबत आणखी एक वस्तू पाटावर मांडली जाणार आहे, ती थांबून गेलेली चाळीस मेगाबाइटची डिस्क. तिच्यातून आता काही वाचता येत नाही. काकासांनी ती टाकू दिली नाही.